बटन मशरूमला गोळे आलेत, काकवीसारखं पाणी सुटतंय. हे नक्की काय आहे?

माळावरची_सून

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला राहते. घरची आल्याची शेती आहे आणि गेल्या वर्षापासून मी बटन मशरूम करते. पफ पॅनलच्या दोन खोल्या, एसी, लोखंडी रॅक, एका बॅचला 10 किलोच्या 400 पिशव्या. स्पॉन (मशरूमचं बी) चाललेलं कंपोस्ट तयार विकत आणते. केसिंग, म्हणजे कंपोस्टवर पसरायचा थर, मात्र घरीच करते, कोकोपीट आणि जुनं शेणखत.

तीन बॅच निघाल्या. ही चौथी. केसिंग टाकल्यापासून सोळाव्या दिवशी पिना, म्हणजे मशरूमचे बारीक कोंब, धरल्या तेव्हा डावीकडच्या रॅकवर काही पिना वेगळ्या वाटल्या. देठ नाही, टोपी नाही, नुसता पांढरा गोळा. दोन-तीन मशरूम एकमेकांना चिकटून आले असतील असं समजून मी सोडून दिलं. दोन दिवसांत पेढ्याएवढा गोळा लिंबाएवढा झाला, वरून मखमल पांघरल्यासारखा. काल सकाळी पाहते तर त्यावर तपकिरी थेंब, पातळ काकवीसारखे. वास कुजका. कापून पाहिला तर आत गिल (टोपीखालच्या पाकळ्या) नाहीत, पडदा नाही, सगळा सारखाच पांढरा मऊ गर.

आज मोजल्या, 61 पिशव्यांत असे गोळे आहेत. मी हातानेच काढले, पाणी मारलं आणि त्याच हाताने पुढच्या रॅकचा तोडा केला. आता वाटतंय चुकलं.

औषधवाल्या दुकानदारांनी सांगितलं, बुरशी आहे, बुरशीनाशक मारा. पण मशरूमच बुरशी ना? मग मरणार कोण? आणि बुरशीवर बुरशी येते हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. सासूबाई विचारतात, गोळे धुऊन भाजी केली तर चालेल का. बँकेचा हप्ता दर महिन्याला आहे, बॅच घालवून चालणार नाही. कुणी हे पाहिलं असेल तर सांगा.

अळिंबीकाका

ताई, तुम्ही इतकं बारीक लिहिलंत की फोटोची गरज नाही. देठ-टोपी न झालेला मखमली गोळा आणि त्यावर काकवीच्या रंगाचे थेंब, म्हणजे वेट बबल हा रोग. करणारी बुरशी मायकोगोन पर्निसिओसा. पर्निसिओसा म्हणजे लॅटिनमध्ये सत्यानाश करणारी, नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलंय. आधी सासूबाईंना सांगा, भाजी करायची नाही. त्या गोळ्यात बुरशीमागोमाग जिवाणू शिरलेले असतात, तो वास त्यांचाच. शेजारचे निरोगी दिसणारे मशरूम खायला चालतील.

पुणे जिल्ह्यातल्या एका मोठ्या युनिटमध्ये मी 22 वर्षं ग्रोइंग रूम सांभाळल्या. या मायकोगोनबाईशी माझी ओळख जुनी आहे.

तुमचा प्रश्न अगदी मुळाचा आहे. आल्यावर किंवा द्राक्षावर बुरशी आली तर झाड एका कुळातलं आणि रोग दुसऱ्या कुळातला, औषधाला दोघांत फरक करता येतो. इथे दोघं एकाच भावकीतले. कार्बेन्डाझिमसारखं औषध इथे चालतं ते एवढ्याचसाठी की आपलं मशरूम ते थोडं जास्त सोसतं आणि मायकोगोन कमी सोसते. फट एवढीच आहे. मात्रा चुकली की पिना जळतात. सारखं मारत राहिलं की रोगाला सवय होते. 1990च्या दशकात ब्रिटन-आयर्लंडमध्ये कॉबवेब या मशरूमच्या दुसऱ्या रोगाचं हेच झालं, औषधाला न जुमानणारे वाण पसरले आणि खोल्याच्या खोल्या गेल्या. आणि तोड्यावर आलेल्या मशरूमवर फवारायचं नाही. ते लोकांच्या पोटात जाणार आहे.

आता ही बुरशी जगते कशी, ते कळलं की बाकीचं आपोआप कळेल. हिचं बीज सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिलं की विसरत नाही: खाली लहानशी पारदर्शक पेशी आणि तिच्या डोक्यावर मोठी, जाड सालीची, चामखिळी असलेली गोल पेशी. हे जाड बीज मातीत खूप काळ तग धरतं. एकटं असताना निजून असतं. केसिंगमध्ये मशरूमचे पांढरे धागे पोचले की जागं होतं. धागे पसरत असतात तोवर फारसा त्रास नाही, कंपोस्ट छान पांढरं दिसतं, आपण खूश असतो. ती धरते पिन बांधायच्या वेळेला. देठ कुठला आणि टोपी कुठली हे ठरायच्या आधीच पिनेचा ताबा हिच्याकडे जातो, म्हणून आकारच येत नाही. तुम्ही कापून पाहिलेला गर अर्धा मशरूमचा आणि अर्धा तिचा होता.

सारख्या दिसणाऱ्या दोन बहिणी आणखी आहेत, त्या ओळखून ठेवा. ड्राय बबल म्हणजे लेकॅनिसिलियम फंगिकोला. तिचे गोळे लहान, करडे, कोरडे, चामड्यासारखे, थेंब नाहीत. मशरूम मोठं झाल्यावर लागली तर देठ वाकतो, चिरतो, टोपीवर तपकिरी डाग पडतात. तिचं बीज चिकट असतं, ते माश्यांच्या पायाला, बोटांना आणि पाण्याच्या थेंबाला चिकटून फिरतं. तिसरी कॉबवेब, म्हणजे क्लॅडोबोट्रियम. केसिंगवर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा-करडा पसारा होतो आणि त्याखाली उभं मशरूम झाकून जातं. तिचं बीज कोरडं. त्या जाळ्यावर पाण्याची धार पडली की बीज धुरासारखं उडतं आणि एसीचा पंखा ते खोलीभर वाटतो. माझ्याकडे एका नवीन मुलाने चांगल्या मनाने जाळं धुऊन काढायला पाइप लावला होता. आठवड्यात चारही रॅकवरच्या टोप्यांना डाग पडले. चूक माझी होती, मी त्याला आधी सांगायला हवं होतं.

आज काय करायचं ते सांगतो. गोळे काढायच्या आधी पाणी मारणं बंद. टिश्यू पेपर किंवा पातळ फडकं ओलं करून गोळ्यावर अलगद टाका, त्याच्यासकट गोळा उचला आणि थेट पिशवीत घालून तोंड बांधा. पिशवी खोलीतून उघडी फिरवायची नाही. राहिलेल्या खड्ड्यात मूठभर खडे मीठ टाका, कडेला दोन बोटं जास्तच. ती जागा पुन्हा ओली करायची नाही. मोठा डाग असेल तर तिथे प्लास्टिकचा ग्लास उपडा दाबून ठेवा. हे काम तोडा झाल्यावर, दिवसाच्या शेवटी करायचं. मग हात, सुरी, कपडे धुवायचे. आणि तोड्याचा क्रम कायम एक: आधी नवी खोली, मग जुनी. आधी निरोगी रॅक, शेवटी आजारी. हा एक नियम मला कुठल्याही औषधापेक्षा जास्त उपयोगी पडला.

आता माझा प्रश्न. रोग पहिल्याच तोड्याला दिसला, तोही 61 पिशव्यांत. तिसऱ्या तोड्याला दिसला असता तर मी म्हटलं असतं माश्यांनी किंवा हातांनी आणला. पहिल्या तोड्याला दिसतो तो बहुतेक केसिंगबरोबर आत आलेला असतो. या वेळी केसिंगमध्ये काय वेगळं केलंत? शेणखत कुठलं? वाफ दिली होती का?

पोर्टलंडचा_पाऊस

मी शेतकरी नाही, अमेरिकेत ओरेगनमध्ये राहतो आणि पाऊस पडला की रानात मशरूम शोधत फिरतो. ताईंच्या सासूबाईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण इथे बुरशी लागलेलं मशरूम बाजारात मुद्दाम विकायला येतं.

त्याला लॉबस्टर मशरूम म्हणतात. मुळात ते रसुला जातीचं पांढरं, ठिसूळ रानमशरूम. त्याच्यावर हायपोमायसीस लॅक्टिफ्लुओरम नावाची बुरशी चढते आणि सगळं अंग शेंदरी कवचाने झाकून टाकते, शिजवलेल्या खेकड्याच्या पाठीसारखं. टोपीखालचे गिल जवळजवळ बुजून जातात, नुसत्या पुसट रेघा राहतात. कवचाला हात लावला तर बारीक पुरळ आल्यासारखं खरखरीत लागतं. त्या पुरळांतच तिचं बीज तयार होतं. मूळ मशरूम चवीला बेतास बात, पण हे घट्ट, दाताखाली छान लागतं. शरद ऋतूत इथल्या शेतकरी बाजारात टोपल्या भरून असतात.

मला थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. काकांनी सांगितलेल्या वेट बबलच्या बुरशीचं पूर्ण रूप (लैंगिक बीज धरणारी अवस्था) आणि कॉबवेबचं पूर्ण रूप, दोन्ही याच हायपोमायसीस कुळात मोडतात. म्हणजे ताईंच्या रॅकवरचा रोग आणि माझ्या टोपलीतली मेजवानी सख्ख्या नात्यातल्या आहेत. तरी ताई, तुमचे गोळे कृपा करून खाऊ नका. इथेही आम्ही लॉबस्टर घेताना घट्ट, स्वच्छ, वास नसलेलंच घेतो आणि खालचं मूळ मशरूम कुठलं हे ओळखीच्या जागेवरून नक्की करतो. पाणी सुटलेलं कुणी उचलत नाही.

निफाडचा_बाग

काका, आमच्याकडे हेच उलट्या बाजूने चालतं म्हणून लिहितो. द्राक्षावर भुरी येते, तीही बुरशी. तिच्यावर जगणारी अँपेलोमायसीस क्विसक्वालिस नावाची दुसरी बुरशी बाटलीत मिळते, मी दोन हंगाम वापरतोय. ती भुरीच्या धाग्यांच्या आत शिरते आणि तिथेच आपल्या बीजाच्या तपकिरी कुप्या बांधते, भुरीचं बीज धरणं मंदावतं. हवेत ओलावा लागतो आणि त्याच सुमारास गंधक मारलं तर बिचारी स्वतःच मरते. पहिल्या वर्षी मी दोन्ही एकदम मारलं आणि पैसे वाया घालवले. आता संध्याकाळी, भुरी नुकती दिसत असताना देतो.

एक शंका आहे. ताईंच्या घरी आलं आहे म्हणजे कंदकुजीसाठी ट्रायकोडर्मा असणारच. तीही बुरशी खाणारी बुरशी. ती मशरूमला काही करत नाही का?

अळिंबीकाका

दादा, फार चांगलं विचारलंत. माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेलीसारखा वेढे घालते आणि त्याला मारते, हे वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने 1932 मध्ये अमेरिकेत दाखवलं. आपण शेतात तिला मित्र म्हणतो ते याच गुणासाठी. पण तिला कंदकुजीची बुरशी कुठली आणि ताईंचं मशरूम कुठलं हे कोण शिकवणार? 1985 मध्ये उत्तर आयर्लंडच्या मशरूम फार्मांवर हिरवी बुरशी अशी आली की कंपोस्टच्या पिशव्यांत एक मशरूम उगवेना. पुढे 1990च्या दशकात अमेरिका-कॅनडातही तेच. आधी सगळे समजत होते की ही ट्रायकोडर्माची नेहमीची हार्झियानम जात. 2002 मध्ये ती वेगळी जात ठरली आणि नाव पडलं ट्रायकोडर्मा अॅग्रेसिव्हम.

शेतात देतो ती विरिडी किंवा हार्झियानम म्हणजे ही अॅग्रेसिव्हम नव्हे, तेव्हा घाबरून घरचा ट्रायकोडर्माचा ड्रम ओतून टाकू नका, आल्याला तो हवाच. पण कुठलीही ट्रायकोडर्मा मशरूमच्या कंपोस्टजवळ नको. ढिंगरी (ऑयस्टर मशरूम) करणाऱ्यांना विचारा, भुसा नीट उकडला नाही तर पिशवीत पहिला हिरवा डाग हिचाच येतो.

ताई, तुमचे गोळे मात्र तिचे नाहीत. तिचा डाग आधी पांढरा आणि मग हिरवागार होतो, तो कंपोस्टमध्ये आणि केसिंगवर दिसतो. शेणखताचं मात्र लवकर कळवा.

माळावरची_सून

काका, शेणखताचा प्रश्न वाचला आणि जेवण तसंच ठेवून मागे जाऊन पाहून आले.

पहिल्या तीन बॅचला शेणखत शेजारच्या गावातल्या गोठ्यातून आणलं होतं, दोन वर्षं कुजलेलं. या वेळी ते मिळालं नाही, म्हणून घरच्या ढिगातलं घेतलं. आणि बॅच संपली की वापरलेलं कंपोस्ट आम्ही त्याच ढिगावर ओततो. शेडच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर. ह्यांनी आल्यासाठी त्यातच शेणखत आणि ट्रायकोडर्माही कालवलेली. ती वाढवायचा गुळाच्या पाण्याचा ड्रम शेजारीच उभा आहे.

आणखी एक आठवलं, लिहायला जड जातंय. तिसऱ्या बॅचच्या शेवटच्या तोड्याला सात-आठ पिशव्यांत असेच गोळे होते. मला वाटलं कंपोस्टचा दम संपला म्हणून वेडंवाकडं येतंय. त्या पिशव्याही तिथेच रिकाम्या केल्या. म्हणजे रोग मीच वाढवला, मीच चाळला आणि मीच 400 पिशव्यांवर पसरला. वाफ दिली नव्हती. उन्हात दोन दिवस वाळवलं होतं, तेवढं पुरेल असं वाटलं.

मीठ आणि टिश्यू आजच सुरू केलं. सासूबाई स्वतः ग्लास उपडे घालत होत्या.

अळिंबीकाका

ताई, मनाला लावून घेऊ नका. शेवटच्या तोड्यातले दोन गोळे माझ्याही नजरेतून सुटलेत, आणि मला त्याचा पगार मिळत होता.

पुढच्या केसिंगला वाफ द्या. मिश्रणाच्या मधोमध थर्मामीटर खुपसा, 65 अंश झाले की तिथून सहा तास धरून ठेवा. कडेला हात लावून अंदाज घ्यायचा नाही, कड आधी तापते आणि मधला गोळा थंड राहतो. त्याहून फार वर नेऊ नका. केसिंगमधले काही जिवाणू, मुख्यतः स्यूडोमोनास पुटिडा, पिना धरायला मदत करतात. सगळं जाळून कोरं केलं तर पिना रुसतात आणि रिकाम्या जागेत जो पहिला येईल तो बसतो. गार होताना ताडपत्रीने झाका, आणि ताडपत्री धुतलेली हवी.

चालू बॅच संपली की पिशव्या तशाच बाहेर काढू नका. खोली बंद करून आत वाफ सोडा, कंपोस्ट 70 अंशांवर बारा तास राहू द्या, मग बाहेर. तुमच्या पॅनलला ते सोसेल का हे बसवणाऱ्याला आधी विचारा. सोसत नसेल तर पिशव्या तोंड बांधून ट्रॉलीत भरा आणि थेट लांबच्या रानात न्या. दाराला, खिडकीला बारीक जाळी आणि दिव्याखाली पिवळे चिकट सापळे लावा, माश्या मोजता येतात.

माळावरची_सून (तीन महिन्यांनी)

काका, निफाडचे दादा, पोर्टलंडचे दादा, पाचवी बॅच संपली म्हणून लिहायला आले.

चौथ्या बॅचचं आधी सांगते. मीठ टाकून, ग्लास घालून तिसऱ्या तोड्यापर्यंत ओढली. 400 पिशव्यांतून 410 किलो माल निघाला. हप्ता त्या महिन्यात माहेरच्या मदतीने भरला. आमच्या खोल्यांना वाफ सोसणार नाही असं बसवणाऱ्यांनी सांगितलं, म्हणून पिशव्या बांधून नेल्या आणि खोली दोनदा धुतली.

पाचव्या बॅचला कोकोपीट नवीन आणि शेणखत पुन्हा त्या गोठ्यातलं. 200 लिटरच्या पिंपात खाली विटा, त्यावर जाळी, जाळीखाली पाणी, आणि चुलीवर वाफ. एका पिंपाला सकाळ ते संध्याकाळ लागते, मधलं तापमान 65 वर यायलाच तीन तास गेले. सगळ्या पिशव्यांचं केसिंग होईपर्यंत चार दिवस चूल बंद नव्हती. सासूबाई थर्मामीटर वाचायला शिकल्या आणि दर अर्ध्या तासाला वहीत आकडा लिहायच्या.

पहिल्या तोड्याला एकही गोळा नाही. मी रोज रात्री बॅटरी घेऊन डावीकडचा रॅक बघायचे. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला तीन पिशव्यांत आले, छोटे, थेंब यायच्या आधीच सापडले. ओलं टिश्यू, पिशवी, मीठ. एकूण 690 किलो.

एक विचारायचं राहिलं. मागचा जुना ढीग अजून तिथेच आहे. ह्यांना तो आल्याला घालायचाय. मायकोगोन आल्याला लागेल का?

अळिंबीकाका

नाही लागणार. तिला मशरूमच लागतं, आल्याला ती ओळखतसुद्धा नाही. खुशाल घाला, पण शेडपासून सगळ्यात लांबच्या सऱ्यांना. वारा शेडकडे नसताना, शक्यतो ढीग भिजवून उचला म्हणजे धूळ उडणार नाही. ढिगाखालची वरची वीतभर मातीही बरोबर जाऊ द्या. त्या दिवशी ढिगावर काम केलेल्या कुणीही खोलीत पाऊल ठेवायचं नाही, आणि फावडी-घमेली शेडमध्ये परत आणायची नाहीत.

690 किलो वाचून फार बरं वाटलं. सासूबाईंची ती वही जपून ठेवा.

माळावरची_सून

काल नेला ढीग, चार ट्रॉल्या झाल्या. ओढ्यापलीकडच्या रानात पसरला. ट्रॉली तिकडेच धुतली, आणि घमेली ह्यांनी आल्याच्या कोपीत ठेवलीत.